भागीरथीच्या हातचं

कळव्याच्या कोळीवाड्यात भागीरथीच्या हाताला चव होती, हे तिच्या वैरिणीनेही कबूल केलं असतं. हळद असो की बारसं, मोठ्या पातेल्यापाशी तीच. नव्वद साली तिचा धाकटा लेक कान्हा टायफॉईडने गेला, तेव्हा कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पाणी बाधलं. लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं!

थोरली मंजुळा ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. आजाऱ्यांचे नमुने काचेच्या बशीत पेरायचे आणि जंतू उगवतात का ते पाहायचं. तिथल्या डॉक्टरांचा गट टायफॉईडचा माग काढत होता. काही धडधाकट माणसं पित्ताशयात जंतू बाळगतात, स्वतः आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या हातून ते दुसऱ्याच्या ताटात जातात. असं कुणी कोळीवाड्यात आहे का, ते शोधायचं होतं. पण डबीत शौच द्या म्हटलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि दार लोटायच्या. शेवटी भागीरथीच पुढे झाली.

"माजी पोर सांगते ना? मंग पयली माजी डबी ने."

तिच्यामागे सगळा वाडा आला.

मंजुळाने आईची बशी उघडली. टायफॉईडच्या जंतूंचे काळे ठिपकेच ठिपके. डब्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने दुसरा नमुना घेतला. पुन्हा तेच. कान्हाला जी औषधं लागू पडली नव्हती, ती या जंतूंवरही चालेनात.

तोवर शेजारच्या राघोकडे हळद ठरली होती आणि भागीरथी मसाला वाटत होती. गप्प राहावं तर कुणाचं तरी पोर जायचं, बोलावं तर आई हातची जायची. मंजुळाने वरवंटा धरला आणि सगळं सांगून टाकलं.

भागीरथी आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "म्हंजे मीच जेवाय वाढला त्याला," एवढंच म्हणाली.

लागू पडणारं नवं औषध झालं. पुढचे नमुने कोरे आले, डॉक्टरांनी निर्वाळा दिला. पण बाई चुलीपाशी गेली नाही. मंजुळा रांधायची आणि ही दाराकडे तोंड करून बसायची. भर दुपारी विचारायची, "कोन जेवाय मागतंय गं?" कुणी नसायचं. पुढे पुढे मंजुळालाही ऐकू आल्यासारखं व्हायचं आणि ती घाबरायची.

पितृपक्षात मंजुळाने कान्हाचं पान मांडलं. कावळे कौलांवर बसून राहिले, एक शिवेना. दुपार कलली. शेजारणी कुजबुजल्या, पोराचा जीव आईत अडकलाय.

भागीरथी उठली. राखेने हात घासले, पुन्हा घासले, मग चूल पेटवली. भात आणि कालवण करून तिने पानावर वाढलं. हात मागे घेते न घेते तोच कावळा उतरला.

"नको रं!" ती त्याच्यावर धावली. "खाऊ नको, पोरा, खाऊ नको!"