शनवार तेल्यांचा शनिवार

शनवार तेल्यांवरचा कार्यक्रम मी शनिवारी सकाळी ठेवला.

हसा. मीही हसलो असतो. पण तळमजल्यावरच्या काकू माझ्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या मोबाइलवर मीच हैदराबादच्या सगळ्या तारनाक्यात फिरवलेलं निमंत्रण होतं.

काकू बेने इस्राएल, कोकणातल्या मराठी ज्यू घरातल्या. त्यांच्या गावात अशी मोजकीच घरं. भाताची खाचरं, नारळाची वाडी आणि तेलाचा घाणा, यावर पोट. शनिवार त्यांचा शब्बाथ, काम न करण्याचा पवित्र दिवस; शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घाणा थांबायचा, तो शनिवारची संध्याकाळ सरेपर्यंत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आता तिथं त्यांच्यातलं कुणी नाही. काही मुंबईला गेले, बरेचसे इस्राएलला. चारचौघांत गावाबद्दल बोलायला काकू पहिल्यांदाच तयार झाल्या होत्या. हे सगळं मला त्यांनीच सांगितलेलं. आणि मी?

"नुसतं बोलायचंच आहे, काकू. घाणा थोडाच फिरवायचाय?"

माणसानं एका गाढवपणावर थांबावं. मी थांबत नाही.

"शनिवारी दारात आलेली गिऱ्हाइकं माझ्या बापानं रिकाम्या भांड्यानिशी परत पाठवली!" काकूंचा आवाज जिनाभर घुमला. "शिव्या खाल्ल्या, पण घाण्याला हात लावला नाही. आणि तू त्याच्या नावाची जत्रा शनिवारी भरवतोस? मी येणार नाही. गाव गेलंच आहे, गोष्टही जाऊ दे."

ते शेवटचं मला लागलं. मी मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते पिढीजात हैदराबादी.

"हौ, पण इतवारला हॉलमध्ये शादी है ना! काकू नाही आल्या तर तुम्हीच बोला. तुम्हाला सगळं मालूम आहे."

माझं डोकंच फिरलं. जिचा बाप, जिचं गाव, ती घरी बसणार, आणि मी माईकसमोर? तोंडाला येईल ते बोललो आणि फोन आपटला. तो लँडलाइन नाही, हे आपटल्यावर आठवलं.

रविवारी आमच्याच गच्चीवर सतरंज्या घातल्या. काकू आल्या, माझ्याकडे न बघता बसल्या. पण बोलल्या. बापाच्या अंगाला कायमचा मुरलेला खोबरेलाचा वास, गुडघाभर चिखलातली लावणी आणि घाण्याचा तो बैल. डोळ्यांवर झापडं, तरी शुक्रवारी दिवस कलला की आपोआप थांबायचा. मग कुणी हुसकावलं तरी पाऊल उचलत नसे.

"मग आधी शनिवारचं निमंत्रण कसं काय आलं होतं?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकूंनीही आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या बैलाला वार कळायचा," त्या म्हणाल्या. "ह्याला नाही कळत."