अर्ध्या फेऱ्यावर अडलेलं यंत्र

बाबूरावांनी कल्याणप्पाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मोरपिसाच्या देठानं यंत्राला तेल देत होता. नवे हेडक्लार्क दारात उभे, आणि हा जागचा हलला नाही. एवढंच म्हणाला, "दोन थेंब राहिलेत साहेब." ते दोन थेंब बाबूराव विसरले नाहीत.

साल १९५७. बाबूराव पुण्याकडून बदलून उस्मानाबादेतल्या एका मोजणी कचेरीत आले होते. यंत्र निजामाच्या अमदानीतलं. काळं, लोखंडी, दांडा फिरवून गुणाकार करणारं. कल्याणप्पा बावीस वर्षं त्यावर शेतांची क्षेत्रफळं काढत होता. बाबूरावांचा भरवसा स्वतःच्या तोंडी हिशेबावर. एकदा बेंबळीच्या एका शेताचं क्षेत्र त्यांनी चटकन सांगितलं. कल्याणप्पानं दांडा फिरवला आणि शेतकऱ्यांसमोरच शांतपणे सांगितलं, सात गुंठे कमी धरलेत. शेतकरी हसले.

नव्या यंत्राची मंजुरी आल्यावर बाबूरावांना संधी मिळाली. जुनं चालत असेल तर ते ठेवावं, निकामी असेल तरच लिलावात काढावं, असा नियम होता. दुपारच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच दांडा धरला, अर्धा फिरवला, चुकलंसं वाटून उलटा ओढला. यंत्र जाम झालं. खूश होऊन त्यांनी यादीत लिहिलं, 'निकामी'.

"तुमच्या निजामाचं भांडं मोडीत चाललं, अप्पा."

"निजाम गेला साहेब. गुणाकार तोच हाय."

त्याच दुपारी मोठे साहेब यादी तपासायला आले. कल्याणप्पानं परवानगी मागितली, दांडा ज्या बाजूनं सुरू झाला होता त्याच बाजूनं ढकलला आणि फेरा पुरा केला. घंटी वाजली. फेरा अर्ध्यावर सोडला की ते अडतं, उलटं फिरवायचं नसतं, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं, असं तो म्हणाला. कोणी अडवलं, हे त्यानं सांगितलं नाही. गरजही नव्हती, बाबूरावांच्या बोटांना तेल लागलेलं होतं.

मोठ्या साहेबांनी 'निकामी'वर रेघ मारली. यंत्र कपाटात गेलं, किल्ली बाबूरावांकडे. आठवड्याच्या आत कल्याणप्पाच्या बदलीचा हुकूम निघाला. टिपण बाबूरावांच्या हातचं होतं.

कल्याणप्पा सध्या भूमच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो.