निघताना म्हणायचं वाक्य

आमच्या घरातून कुणी कुठं निघालं की दारातून एकच वाक्य ऐकू यायचं: अभ्यास कर. सांभाळून जा, पोचल्यावर कळव, वेळेवर जेव, असले लाड आमच्यात नव्हते. माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचे. मी डी.एड.ला निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीखाली उभं राहून ते तेवढंच म्हणाले. पुढं माझा मुलगा हॉस्टेलला निघाला तेव्हा मीही तेच म्हणाले. त्यानं नुसती मान हलवली, कारण त्याला ते पाठच होतं. आमच्या मराठवाड्यातल्या बौद्ध घरांत हा आशीर्वादच समजायचा. अंगावरच्या कपड्यापासून घराच्या छतापर्यंत जे मिळालं ते शिकून मिळालं, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

नोकरी संपली आणि मी नांदेडहून हैदराबादला मुलाकडे राहायला आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. माझा आवाज म्हणजे काय सांगू! वर्गात ओरडले की मैदानापलीकडच्या शेळ्या मान वर करायच्या. मुलगा बँकेत, सून विम्याच्या ऑफिसात. नात तेव्हा तीन वर्षांची. मलकपेठेत त्यांचा फ्लॅट आहे आणि गच्चीवरून रेसकोर्स दिसतो. सकाळी घोड्यांना फिरवायला आणतात. दोघं ऑफिसला गेले की आम्ही आजी-नात गच्चीवर.

नातीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. वॉचमनच्या बायकोकडून दखनी उर्दू उचललेली, माझ्याकडून नांदेडची मराठी. "आजी, घोडा कायकू पळायलाय?" मी म्हणायची, "मालक मागं लागलाय म्हणून." "मग मालकाला नक्को म्हण ना!" हसून हसून पोट दुखायचं माझं. त्या घोड्यांत एक पांढरा होता. त्याची गोष्ट मी रोज थोडी थोडी रचत गेले. तो रेस सोडून पळतो, नांदेडला आमच्या गल्लीत येतो आणि दारोदार ज्वारीची भाकरी मागतो. संपवायची नाहीच, असं मनात ठरवून सांगत होते.

मग शाळेचं आलं.

पहिल्यांदा वाटलं, घराजवळची एखादी बघतील, बोट धरून मीच नेईन आणेन. कसलं काय! मुलगा-सून रोज संध्याकाळी चहाचे कप हातात घेऊन शाळांचीच चर्चा करत बसायचे. शेवटी दिलसुखनगरकडची एक ठरली. तिच्या फाटकावर मोठ्या परीक्षांत चमकलेल्या पोरांचे फोटो, माणसाहून मोठे. तिथं मिळालं की पुढचं सगळं सरळ, असं सगळेच म्हणायचे. पण आधी मुलाखत. मुलाखत म्हणायचं नाही बरं का, 'इंटरॅक्शन' म्हणायचं. साडेतीन वर्षांच्या लेकराशी, इंग्लिशमधून. अगं माय! त्या वयाची पोरं माझ्याकडे चड्डीचा नाडा बांधून घ्यायला यायची.

शाळेतल्या एका मॅडमनं आईबापांना बसवून सांगितलं की घरात दुसरी भाषा कानावर पडली तर मूल गोंधळतं. त्याच संध्याकाळी जेवताना मुलगा म्हणाला, "आई, थोडेच दिवस. इंटरॅक्शन होईपर्यंत घरात मराठी बंद करू."

"हां, मग मी इंग्लिश बोलते की," मी म्हणाले. "पहिलीला इंग्लिश मीच शिकवायची."

सुनेनं माझ्या ताटात भाजी वाढली. पोरगी मायाळू आहे, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "आई, राग मानू नका. पण तुमचं इंग्लिश नको. तिला तसं बोलायची सवय लागली तर मग काढता येणार नाही."

"मग मी बोलू कशात?"

मुलगा ताटाकडे बघत बसला. सून पाणी आणायला उठली.

डोक्यात अशी तिडीक गेली! ज्यांना घरी अक्षर माहीत नव्हतं अशा किती लेकरांना मी वाचायला लावलं आणि माझ्याच नातीला माझा आवाज बाधणार? तोंडावर आलं होतं सगळं. पण घास तोंडात कोंबला. लेकराच्या शिक्षणाच्या आड आजी आली, असं आमच्या घरात कुणी म्हटलं असतं तर मला ते सोसलं नसतं. ज्या घरात शिक्षणापुढं दुसरं काही नाही, त्या घरात मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार होते?

दुसऱ्याच आठवड्यात तिला दिवसभराच्या प्ले-स्कूलला घातलं. संध्याकाळी आली की धावत माझ्या मांडीवर. "आजी, पांढरा घोडा?" मी ओठावर बोट ठेवायची. ती बघत राहायची. मग करंगळी पुढं करून विचारायची, "कट्टी?" मी घाईघाईनं दोन बोटं जोडून बट्टी दाखवायची. तिला ते पटायचं नाही. कट्टी नाही तर बोलत का नाही? बरोबरच होतं तिचं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची.

एकच वेळ आमची उरली होती, ती वंदनेची. दिवेलागणीला बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, हात जोडायचे, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. ते पालीत. पाली कुणी बंद केली नव्हती, कुणाला सुचलंच नाही. मी म्हणायची, ती मागून म्हणायची. तिच्या तोंडून माझ्या आवाजाला उत्तर यायचं ते तेवढ्यापुरतंच. मग काय, मी वंदना लांबवायला लागले. जेवढ्या गाथा येत होत्या तेवढ्या म्हणून टाकायची, न चुकलेल्या ओळी चुकल्या म्हणून परत घ्यायची. पौर्णिमेची वंदना मोठी असते, म्हणून सून आतून विचारायची, "आई, इज इट पौर्णिमा टुडे?" मी डोळे मिटून पुढची गाथा धरायची. शेवटी तीनदा साधू म्हणताना लेकरू एका डोळ्यानं माझ्याकडे बघून हसायचं.

इंटरॅक्शन झाली. तिघं पेढे घेऊनच घरी आले. सून बूट न काढताच सांगायला लागली. मॅडमनं रंग विचारले, प्राणी विचारले, सगळं न अडखळता सांगितलं. मग विचारलं, घरी कोण कोण आहे? मम्मी, पप्पा, आजी. आजी काय करते? तर नात म्हणाली, "माय आजी इज शाय. शी डझन्ट टॉक."

"शाय! एवढासा जीव, शब्द बघा आई कसला वापरला," सून म्हणाली. "मॅडमनी खास कौतुक केलं त्याचं."

मी पेढा तोंडात घातला. मी लाजाळू. मी! खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढं हसावंसं वाटलं, पण पेढ्यांचा डबा उचलून आत ठेवायला गेले.

थोडे दिवस म्हणता म्हणता ते कायमचंच झालं. शाळेनं सांगितलं, सुरू ठेवा, मध्येच मोडू नका. वर्षभरानं माझ्यावरची बंदी सैल झाली, म्हणजे कुणी टोकत नव्हतं. पण तोवर नातीचीच सवय गेली होती. मी मराठीत विचारायची, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मग तिला माझं अर्धंच कळायला लागलं. मग ती कळल्यासारखं हसायला लागली. घोड्याची गोष्ट एकदा पुन्हा काढली तर भाकरी शब्दावरच अडली बिचारी.

दुसरीत गेली तशी संध्याकाळची ट्यूशन लागली, नेमकी दिवेलागणीची. आता ती चौथीत आहे आणि आतापासूनच पुढच्या मोठ्या परीक्षेचा पाया घालतात म्हणे. मेणबत्ती मी एकटीच लावायची. ती यायची ती पाठीवरच्या ओझ्यासकट सोफ्यावर पडायची. एकदा जेवता जेवता डोळा लागला तिचा, घास हातातच. मी हळूच हात लावला तर दचकून उठली आणि पहिलं वाक्य काय, तर "इज द टेस्ट ओव्हर?"

मुलाला म्हणाले, "लेकरू थकलंय रे. एखादी ट्यूशन तरी काढ."

"आई, तू मला पहाटे उठवायचीस की अभ्यासाला."

"उठवायची. पण उठवून तुझ्याशी बोलायची. चहा देऊन शेजारी बसायची. हिच्याशी कोण बोलतंय?"

त्याच्या फोनवर शाळेचा मेसेज आला होता, तो वाचत राहिला.

मी नांदेडला परत जायचं ठरवलं. रागानं नाही. म्हणजे रागानंच, पण रागावणार कुणावर? दोघं रात्रंदिवस राबतात ते तिच्यासाठीच. माझं तिथं बसून रोज त्या लेकराकडं बघत राहणं मला झेपत नव्हतं, एवढं खरं.

काचीगुडा स्टेशनवर मला गाडीत बसवायला मुलगा आणि नात आले. रविवार होता तरी तिला परत जाऊन टेस्टला बसायचं होतं, म्हणून बूट-मोजे घालूनच आलेली. खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. उंच झालीय, चष्मा लागलाय. मी गजातून हात घालून तिच्या केसांवरून फिरवला. आणि आमच्या घरात कधी कुणी कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाले.

"बाई माझी, एवढा अभ्यास नको करू. थोडं खेळ, झोप पोटभर. सुट्टीत माझ्याकडं ये. पांढऱ्या घोड्याची गोष्ट राहिलीय आपली."

तिनं नीट ऐकून घेतलं. चष्म्यामागचे डोळे बारीक करून, वर्गात अवघड काही आलं की पोरं करतात तसं. मग बापाकडे वळून विचारलं, "पप्पा, व्हॉट इज शी सेइंग?"

मुलगा माझी पाण्याची बाटली गजातून आत देत होता. त्यानं सहज सांगितलं, विचारसुद्धा न करता, "शी इज सेइंग, स्टडी वेल."

मी त्याच्याकडे बघितलं. लबाडी नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. त्याला खरंच तेच ऐकू आलं होतं. निघायच्या वेळी माणूस दुसरं काही म्हणतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

मला इंग्लिश येतं. नो, असं म्हणून सगळं वाक्य मला सांगता आलं असतं, माझ्या त्या नांदेडच्या उच्चारात. शब्द गोळा करेपर्यंत गाडी हलली. नात माझ्या खिडकीबरोबर चार पावलं चालली, शहाण्यासारखी मान हलवली आणि हात वर करून ओरडली, "ओके आजी, आय विल!"