साडूंचा घसा

उदगीरच्या बाजारात ज्यांचा आवाज ऐकला नाही असा माणूस नाही, आणि भालकीत ज्यांचा आवाज ऐकला आहे असा माणूस नाही, असे गृहस्थ आमच्या सबंध मुलखात एकच आणि ते माझे साडू. भालकीत ते कुजबुजत. भाजीवालीशी कुजबुजत, कंडक्टरशी कुजबुजत, दावणीची म्हैस सुटली तर हाक न मारता नुसते हातवारे करत तिच्यामागे धावत. पन्हळाच्या पाण्यावरून एकदा शेजाऱ्याशी त्यांचं जोरात भांडण झालं, म्हणजे शेजाऱ्याच्या बाजूने जोरात. साडू काय शिव्या देतायत ते ऐकू येईना म्हणून शेजारी जवळ सरकला, मग आणखी सरकला, शेवटी त्यांच्या तोंडाशी कान लावून उभा राहिला. आणि इतक्या जवळ आलेल्या माणसाला चहा न विचारणं साडूंना काही जमलं नाही. लग्नात सगळे मंगलाष्टकं म्हणत तेव्हा हे अक्षता धरून फक्त ओठ हलवत.

घसा गेलाय, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आपल्याकडे कुणाचा घसा गेला की सगळ्या गल्लीला वैद्यकी येते. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी अडुळशाचा काढा, एका म्हातारीने तर लसणाची माळच गळ्यात घातली. साडू ती माळ घालून ऑफिसला आले. काढेही सगळे निमूटपणे प्यायले. घसा ठणठणीत असताना इतके काढे रिचवलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

ठणठणीत होता हे फक्त मला ठाऊक होतं, कारण आम्ही दोघं उदगीरच्या एकाच कंपनीत कामाला होतो आणि रोज एकाच बसने हद्द ओलांडायचो. कंपनी लॉटरीची. इकडे भालकीत, म्हणजे कर्नाटकात, लॉटरीला बंदी, तिकडे महाराष्ट्रात उघड टपऱ्या. त्यामुळे इकडची माणसं नशीब काढायला तिकडे जातात. काम तसं वाईट नाही. पगार वेळेवर, डोक्यावर पंखा. तिकिटांचे गठ्ठे बांधायचे, टपऱ्यांवर पोचवायचे, संध्याकाळी निकालाचा कागद भिंतीला डकवायचा. एवढंच पथ्य, की त्या कागदापुढे उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघायचं नाही. साडू कागद डकवून झाला की भिंतीकडे पाठ करत आणि लोक पांगेपर्यंत डिंकाची बाटली पुसत बसत. इतकी लख्ख डिंकाची बाटली कुठल्याच ऑफिसात नसेल.

भालकीत त्यांनी 'कागदाच्या कंपनीत हाय' असं सांगून ठेवलं होतं. ते काही खोटं नव्हतं, पण शाळा सुरू व्हायच्या वेळेला अर्धी गल्ली स्वस्तात वह्या मागायला येई. साडू उदगीरच्या दुकानातून पुऱ्या भावाने वह्या घेत आणि निम्म्या भावाने गल्लीत वाटत. मी एकदा त्यांना म्हणालो, "साडू, कामून करायलाव हे?" तर ते कुजबुजले, "लाजंचा खर्च हाय, साडू. करावा लागतंय."

लाज सगळ्यांचीच वाटायची, पण भीती एकाच माणसाची होती. त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेल्यावर अक्काने त्यांना लहानाचं मोठं केलं. वडील मटक्याच्या आकड्यांपायी घरातली भांडीकुंडी विकून बसलेले. तेव्हा अक्काने धाकट्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता आणि शपथ घातली होती, की आकड्याच्या धंद्याला शिवायचं न्हाई. अक्का आता औराद तालुक्यात, अगदी हद्दीला लागून असलेल्या सासरच्या गावी राहते. तिचा फोन आला की साडू उठून उभे राहत आणि मग कुजबुजत.

त्या आवाजाची गोष्ट अशी. लहानपणी दोघं बहीणभाऊ ज्वारीच्या राखणीला जात. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकता हाकता साडूंचा आवाज तयार झाला. एके दिवशी ऑफिसच्या मागच्या खोलीतून त्यांनी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला हाक दिली आणि ती नेमकी मालकाने ऐकली. त्याच दुपारी तिकिटांची जाहिरात रेकॉर्ड करायला साडूंना माइकपुढे बसवलं. हातात कागद दिला होता, पण त्यावरचं मराठी 'ग्राहकबंधूंनो' वगैरे थाटाचं. साडूंनी कागद बाजूला ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि आमच्याकडे कुणालाही हाक मारतात तशी हाक मारली, "ओ अण्णा! ओ अक्का! थांबा की जरा! कामून जायलाव घाईनं? उद्याचा दिस तुमचाच हाय!" मालकाने त्यांना मिठीच मारली. हद्दीपलीकडचं, बिदर-भालकीचं गिऱ्हाईक अण्णा-अक्का ऐकलं की थबकतं, हे त्यालाही माहीत होतं. आठवडाभरात टपरीटपरीवर तो आवाज घुमायला लागला, आणि इकडे भालकीत साडूंचा घसा गेला.

बाजाराच्या एका दिवशी आम्ही दोघं गठ्ठे घेऊन बसस्टँडजवळच्या टपरीवर चाललो होतो. साडू एकदम माझ्या पाठीमागे लपले. टपरीपुढे, स्पीकरच्या अगदी खाली, अक्का उभी होती. डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी, डोळे मिटलेले. वरून साडू गर्जत होते, "ओ अक्का! थांबा की जरा!" आणि अक्का थांबली होती.

"ही बाई दर बाजाराला येते," टपरीवाला मला हळूच म्हणाला. "एक तिकीट घेते. निकाल कधीच बघत नाही."

मी पुढे झालो. "अक्का, तुमी हितं कामून?"

अक्का अशी दचकली, की चोरी करताना सापडलेलं माणूसही इतकं दचकत नसेल. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "कुणाला सांगू नका, बाबा. ह्या डब्यातला माणूस हुबेहूब आमच्या धाकट्यावानी बोलतंय. त्याचा घसा गेल्यापासून फोनवर नुसती फुसफुस येतीया. म्हणून जरा ऐकत उभारते. पर लोकाच्या दुकानाम्होरं फुकट कसं उभारावं? म्हणून एक तिकीट घेते." मग माझा हात धरून म्हणाली, "धाकट्याला तर बिलकुल सांगू नका. म्याच त्याला शपथ घातल्याली, अन् म्याच मोडायले. लई लाज वाटतीया."

"अक्का!"

सगळा स्टँड वळला. टपरीवाल्याने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग साडूंकडे. अक्कानेही तसंच पाहिलं. साडूंच्या खांद्यावरचा गठ्ठा खाली पडला होता आणि ते मान खाली घालून उभे होते. अक्का त्यांच्याजवळ गेली. मग म्हणाली, "घसा बरा झाला व्हय रे?"

"व्हय."

"मग हे कामून पायजे आता," म्हणत तिने हातातलं तिकीट टपरीच्या फळीवर ठेवून दिलं. रागावली नाही. साडूंनी तिची पिशवी उचलली आणि दोघं गाडीकडे चालू लागले. साडू रडत होते, आणि इतक्या वर्षांनी गळा मोकळा झाल्यामुळे की काय, तेही मोठ्या आवाजात.

त्यांनी नोकरी सोडली. आता भालकीच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांना हाका मारून वजनाला लावतात आणि गल्लीतही खणखणीत बोलतात. गल्ली हे यश अडुळशाचं मानते. दर रविवारी अक्काच्या गावी जातात आणि शेताच्या कडेलाच उभे राहून तिला हाक मारतात, तेव्हा ज्वारीतली पाखरं उठतात म्हणे. रेकॉर्डिंग मात्र मालकाने काढलं नाही. साडूंनी त्याच्या पाया पडून मागितलं, तरी आवाज कंपनीचा आहे असं त्याने सांगितलं.

मी अजून तिथेच आहे. साडू साधा माणूस, मला तसं होता आलं नाही; मी घरी विमा कंपनीत आहे म्हणून सांगितलंय. दर बाजाराला गठ्ठा घेऊन त्या टपरीवर जातो. वरून साडू जीव तोडून हाक मारत असतात, "ओ अक्का! थांबा की जरा!" आणि कुणाची ना कुणाची अक्का थांबलेली असते. मी गठ्ठा फळीवर ठेवतो आणि तिच्याकडे न बघता निघून येतो.