मोकळं चाक

आमच्या आटपाडीच्या मामांना माणसं गाडीच्या चाकांसारखी दिसत. कुणी ‘वढणारं चाक’, कुणी ‘पंचर’, आणि मी, त्यांचा सख्खा भाचा, ‘मोकळं चाक’. ही पदवी मी स्वकष्टानं मिळवली होती. मॅट्रिकला आपटून मी साताऱ्याला घरी बसलो होतो आणि दिवसभर गावात अशा लगबगीनं हिंडत असे, की बघणाऱ्याला वाटावं, माझ्यावाचून सगळ्यांचं अडलंय.

मामा लढाईत वाळवंटात लष्करी गाड्या हाकून आले होते. लढाई संपल्यावर त्यांनी लिलावातली एक जीप घेतली. तिच्या पोटाखाली पुढच्या दोन चाकांमध्ये एक आणि मागच्या दोहोंत एक, असे लोखंडी गोळे होते. मामा त्यांना ‘डिफरन्सल’ म्हणत आणि घरी येईल त्याला वाकवून ते दाखवत. माझी आईसुद्धा सुटली नाही.

“आक्का, ह्यो गोळा लय भोळा. वळताना दोनी चाकं आपापल्या चालीनं फिरू देतो, हे बरं हाय. पन येक चाक चिखलात मोकळं फिराय लागलं, की समदं फिरनं त्यालाच देतो. कडक भुईवरचं कामाचं चाक बसतंय गप. तुमच्या घरात बी तसंच हाय!”

हे शेवटचं वाक्य मामा आमच्याकडं जेवायला बसले तरी म्हणत, आणि आई त्या वेळी नेमकी मलाच तूप वाढत असायची.

लष्करातल्या एका ट्रकला मामांनी वेगळा गोळा पाहिला होता. “त्यो मोकळ्या चाकाला आतनं आवळतो आन जोर जोडीदाराला देतो. तुला तसला बसवाय पायजे रं.” तसला गोळा म्हणजे बायको, हे त्यांनीच ठरवलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणांहून मला नकार आला होता. मेढ्याच्या एका घरी मात्र मामांनी स्वतःचा शब्द टाकला, “पोरगा कामाचा हाय.” तो खोटा ठरला असता तर मामांना त्या बाजूला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मुलगी बघायला आम्ही जीपनं निघालो. मेढ्याजवळ रस्त्याकडेला भाताची खाचरं होती. दुष्काळी आटपाडीच्या माणसाला चिखलाची सवय कुठली? डावी दोन्ही चाकं खाचरात उतरली. मामांनी ऐटीत चारही चाकं जोडणारा दांडा ओढला. डावी चाकं गरगरली आणि उजवी कडक रस्त्यावर पाहुण्यासारखी बसून राहिली. बांधावर माणसं जमली, त्यांत मुलीचे वडीलही होते.

“भाच्या, मागच्या डाव्या चाकावर बस. वजन पायजे!”

परीटघडीचा कोट घालून मी मडगार्डवर बसलो. मामांनी जोर देता देताच ब्रेक हलका दाबून ठेवला. मोकळी चाकं आवळली गेली, उजव्यांना बळ मिळालं आणि जीप वर आली. चिखल तेवढा सगळा माझ्या वाट्याला आला.

“नवरदेव कुठं हायती?” मुलीच्या वडिलांनी विचारलं. मी हात वर केला.

त्यांच्या दारात मुलीनं पाय धुवायला तांब्या आणला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “आवं, घागरच आनते.”

लग्न ठरलं. तिचे वडील मामांना म्हणाले, “चिखल खाल्ला, पन पोरगा जागचा हालला न्हाई. कामाचा हाय.” खरं म्हणजे माझा कोट मडगार्डच्या पत्र्यात अडकला होता. मी तो सोडवताना मामांनी पाहिलं होतं, पण शेवटपर्यंत ते कुणाला बोलले नाहीत. बायकोनं पुढं मला बरोबर आवळलं, कामाला लावलं, आणि मामांचा शब्द उशिरा का होईना खरा झाला.

मामा गेले तेव्हा आटपाडीला मी खांदा द्यायला पुढं झालो. बाकीचे तिघे उंचापुरे, मी बेताचा. बांबू माझ्या खांद्याला टेकेचना. नुसता हात लावून मी चाललो होतो. इथंही मोकळं चाकच! मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. मग मी उपरण्याची घडी घातली आणि खांद्यावर ठेवली. मामांचा भार खांद्यावर आला, तेव्हा कुठं माझं पाऊल भुईवर घट्ट पडलं.