पाण्याआधी कागद हलला पाहिजे

मामाच्या घरी श्रवणयंत्र कपाटात असायचं. मामेबहिणीच्या छातीवर बांधायची एक करड्या रंगाची डबी आणि तिच्यातून कानाकडे जाणारी वायर, हे सगळं मामी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची. लग्नकार्याला किंवा राजूरच्या गणपतीला जाताना ते बाहेर निघायचं. "रोजच्याला कशाला? खराब होऊन जाईल," असं ती म्हणे. बहिणीला त्यातून काही ऐकू येतं का, हे कुणी तिला विचारलं नाही. विचारायला आमच्याकडे तशी भाषाच नव्हती.

मामाचं गाव अंबडच्या पुढे. बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि जन्मापासून बहिरी. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी मामाला बजावलं होतं, हिला हातवारे करू देऊ नका, हाताची सवय लागली की तोंडानं बोलायची नाही. मामानं ते मनावर घेतलं. तिनं हात उचलला की घरात कुणीतरी तो खाली करायचं. मारून नाही, नुसता धरून.

तरी तिच्याकडे खुणा होत्या. ओठावरून बोट फिरवलं की मामा. कपाळाशी दोन मुठी म्हणजे म्हैस. आणि गळ्याशी चिमूट धरून खाली ओढली की मी. एकदा मी जालन्याहून शाळेच्या गणवेशातच आले होते, तेव्हा तिनं माझा टाय पाहिला होता. त्या दिवसापासून तिच्यापुरती मी टायवाली.

चौथीच्या सुट्टीत मामा आईला म्हणाला, "पोरगी विंग्रजी शाळेत हाय. हिला बोलायला शिकवायला तीच बराबर." मला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटायची. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, गल्लीत इंग्रजी बोललं की मुली हसायच्या, म्हणून मी दोन्हीकडे गप्पच असे. पण बहिणीसमोर मला लाज वाटत नव्हती. शिवाय यंत्राच्या खोक्यात एक इंग्रजी माहितीपत्रक होतं आणि ते त्या घरात फक्त मला वाचता येत होतं. त्यात लिहिलं होतं, मुलाच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. 'प' म्हटलं की हवा बाहेर येते आणि पट्टी हलते.

मामाच्या ओसरीवर मी नियम केला. हात पाठीमागे. तोंडासमोर पट्टी. पट्टी हलली की पाणी.

पहिल्या दिवशी दुपारभर तिला पाणी मिळालं नाही. उन्हाळा होता. ती माठाकडे बोट करायची आणि मी तिचा हात धरून मागे न्यायची. संध्याकाळी मामीनं न बघितल्यासारखं करून तिला तांब्या दिला. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांतून "प्हा" असं काहीतरी निघालं, पट्टी फडफडली आणि मामी पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"बोलली गं माय! माझी लेक बोलली!"

मामानं अंबडहून पेढे आणले. घरोघर वाटताना सांगत होता, "भाचीनं तीन दिवसांत केलं. डॉक्टर काय करतेत?"

चौथ्या दिवशी बहीण माझ्या वहीचं पान फाडताना दिसली. तिनं स्वतःच पट्टी केली, तोंडासमोर धरली, फुंकली आणि भाकरीच्या टोपल्याकडे पाहिलं. भाकरी मिळाली नाही म्हणून जोरात फुंकली. मग चिंचेच्या झाडाकडे बघून फुंकली, मग खाली पडलेल्या चेंडूकडे. मला सगळं कळलं. तिच्या लेखी बोलणं म्हणजे कागद हलवणं होतं. आम्ही सगळे दिवसभर तोंड हलवतो, ते कुठल्यातरी न दिसणाऱ्या कागदासाठी, असं तिला वाटत असेल.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पेढे वाटून झाले होते.

पुढच्या वर्षी आजोबांना जीपमधून जालन्याच्या दवाखान्यात नेलं आणि ते तिकडेच गेले. बाकीची मुलं रडली, मोठ्यांना विचारत बसली. तिला कोण सांगणार आणि कसं? मामी सांगायची, कितीतरी दिवस ती संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहायची. हातात पट्टी. जीप गेली त्या दिशेला फुंकायची.

टायची खूण तिनं चौथीच्या त्या सुट्टीनंतर कधीच केली नाही.

मी एकवीस वर्षांची असताना जालन्यात बहिऱ्या कलाकारांची एक नाटक मंडळी आली. नाटक हातांनी व्हायचं होतं. ऐकणाऱ्यांसाठी पडद्याआडून मराठी वाचायला कुणीतरी हवं होतं आणि संहिता इंग्रजीत होती. माझ्या कॉलेजच्या बाईंनी माझं नाव सुचवलं. पडद्याआड असणार म्हणून मी हो म्हटलं.

भाषांतर करताना एका पानावर मी थांबले. तिथं लिहिलं होतं: बहिरं मूल ऐकू शकत नाही, आणि हाताची भाषा त्याला कुणी देत नाही. मग त्याला कुठलीच भाषा मिळत नाही. ती लहानपणी मिळाली नाही तर विचारच अर्धे राहतात. ते शेवटचं वाक्य मराठीत लिहायला मला दोन दिवस लागले. मग मी मामाला एसटीडीवरून फोन करून सांगितलं, नाटक आहे, तिला घेऊन या.

नाटकात एक घर जेवायला बसलेलं होतं. सगळे बोलत, हसत होते. मधली बहिरी मुलगी एकेकाचं तोंड बघत विचारायची, काय झालं? प्रत्येक जण हातानं सांगायचा, काही नाही, जेव तू. मी पडद्याआडून वाचत होते, "काही नाही, जेव तू." ऐकणारे लोक हसत होते. पुढे बसलेल्या बहिऱ्या मुलांच्या रांगेत कुणी हसत नव्हतं.

शेवटी त्या मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळे हात हवेत होते आणि बहिणीचे पाठीमागे होते.

मुलीचं काम करणारी नटी खाली उतरून थेट तिच्याकडे गेली. चाळिशीची, स्वतः बहिरी. तिच्याबरोबर एक दुभाषी बाई होत्या. नटीनं काहीतरी विचारलं, बहीण नुसती बघत राहिली. मी पळत गेले.

दुभाषी बाई म्हणाल्या, "त्या विचारतायत, हिला कुठली भाषा येते?"

"मराठी," मी म्हटलं.

नटीनं माझ्याकडे पाहिलं, मग हात हलवले.

"त्या म्हणतायत, मराठी तुम्हाला येते. हिला?"

नटीनं बहिणीला हळूच खुणेनं विचारलं, भुवया उंचावून, माझ्याकडे बोट करून: ही कोण? बहिणीचा उजवा हात पाठीमागून निघाला. गळ्याशी चिमूट धरून तिनं खाली ओढली. टाय. लगेच माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे नेला. "लहानपणी ती मला हेच म्हणायची," मी दुभाषी बाईंना सांगितलं.

नटीचा चेहरा बदलला. ती हातांनी खूप भरभर बोलली, दुभाषी बाई सांगत गेल्या. पुण्याला त्यांच्याकडे मुली राहतात, हाताची भाषा शिकतात. हिला तीन महिने पाठवा. उशीर झालाय, पण या पोरीनं एक नाव इतकी वर्षं जपून ठेवलंय, ही शिकेल.

मामा बाहेर चहाच्या गाड्यावर बसला. मामी म्हणाली, "बदनापूरची सोयरीक आल्ती. गरीब पोरगी, हूं का चूं न्हाई, म्हणून पसंत पडली त्यांना. अन् आता हात नाचवायला शिकवावं?"

"तू थांब गं," मामा तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाई, तू शिकेल हायेस. डॉक्टर म्हणला हात बंद ठेवा. हे लोकं म्हणून राह्यलेत हातच खरे. कोण बराबर? तू सांगशील तसं करतो. सोयरीक मोडली तर मोडली."

तो खरंच थांबला होता. कपातला चहा तसाच. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, मामा, तिला पुण्याला पाठवा. पण त्याच्यानंतर त्यानं विचारलं असतं, मंग तू तिला बोलायला शिकवलंस ते? ते पेढे?

"दोघांचंही बरोबर असेल, मामा," मी म्हटलं. "मला नक्की नाही सांगता येत."

मामानं मान हलवली. "मंग राहू दे. जाणत्यालाच ठाऊक न्हाई तर आपण काय करावं?"

समोर बहीण माझ्याकडे बघून हसत होती. तिच्याबद्दल बोलणं चाललंय एवढं तिला कळत होतं.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. घर चांगलं आहे, कुणी हात उगारत नाही. गेल्या वर्षी मी बदनापूरला गेले. तिची मुलगी दीड वर्षाची, तिला नीट ऐकू येतं. दार वाजलं की मान वळवते. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आईच शिकवती बरं का हिला बोलायला!"

मुलीला तहान लागली होती. माठाकडे बघून ती "पाणी, पाणी" म्हणत होती, स्वच्छ. बहिणीला ते ऐकू येत नव्हतं. तिनं फडताळातून जुन्या कॅलेंडरची एक पट्टी काढली. मुलीचे इवले हात अलगद पाठीमागे नेले. पट्टी तोंडासमोर धरली आणि वाट बघत राहिली.

"पाणी," मुलगी म्हणाली. पट्टी हलली.

बहिणीनं पेला भरून तिच्या तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या, लहानपणी मामाच्या ओसरीवर पट्टी हलली की प्रत्येक वेळी उंचावायची तशा. बरोबर ना?

मी मान हलवून हो म्हटलं.