अनंतगिरीच्या झाडीत ठेवलेला घास

जंगलाचं भ्या काय असतं ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं. आमच्या उदगीरकडं जंगल हायच कुठं? काळं रान, बांधावर एखादी बाभळ. माणूस लांबून येताना दिसतो. वाट चुकली तर किल्ल्याचा बुरूज बघायचा.

बायको गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला न्हाई. भावकीतल्या एकेकानं हात जोडून कबूल केलं, शेत पडीक ठेवणार न्हाई, म्हस विकणार न्हाई. कावळे नुसते बघून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवविला. तिचं मन कशात अडकलंय ते मला ठाऊक होतं. दवाखान्यात म्हणली होती, "माझ्यामागं एकटे राहू नका. लेकीकडं जा." आमच्यात बाप लेकीच्या घरी कायमचा राहत न्हाई. लोक तोंडात शेण घालतात. म्हणून दहाव्याला मी तोंड मिटून उभा राहिलो.

तवापासून दर महिन्याला तिच्या तिथीला कावळ्याला घास ठेवायचो. कावळा यायचा, बघायचा, उडून जायचा. ती उपाशी फिरून राहिली असं वाटायचं. घरात भांडं वाजलं तरी अंगावर काटा यायचा.

एका महिन्याची तिथी हैदराबादेत आली. लेकीकडं चार दिवस म्हणून गेलो होतो. त्यांच्या मजल्यावर कबुतरं लई, कावळा एक न्हाई. जावई म्हणले, "मामा, अनंतगिरीला जाऊ. झाडी हाय, कावळे असतीलच. तुमचं काम होईल, आमची सहल होईल."

लेक म्हणली, "कावळ्यासाठी पेट्रोल जाळणारा पहिलाच जावई बघितला!" पण तिनं पहाटे उठून मायला आवडायचं म्हणून धपाटं केलं, वर दही घातलं.

विकाराबादच्या पुढं गाडी चढाला लागली अन् झाडी दोन्ही बाजूंनी अंगावर आली. गाडी थांबली तशी माकडं टपावर. तिथं घास ठेवून उपयोग नव्हता. मी धपाट्याचा पुडा घेऊन आत निघालो.

"बाबा, लांब जाऊ नका."

"लेकरू हाव का मी?"

थोडं आत, अजून थोडं आत. एका सपाट दगडावर पान मांडलं, पाणी फिरवलं अन् "काव काव" म्हणून हाका मारल्या. मग मागं वळलो तर वाट न्हाई. सगळी झाडं सारखी. वर बघावं तर ऊन दिसंना. एक पाटी होती, ती तेलुगूत. मी चौथी शिकलेला, मला मराठीच अडखळत वाचता येतं. मोबाईल गाडीत राहिला होता. माझ्या मागं पाचोळा वाजायचा, मी थांबलो की थांबायचा. फिरून फिरून त्याच दगडापाशी आलो.

पानाच्या वर फांदीवर कावळा बसला होता. आमच्याकडच्या कावळ्याची मान राखाडी असते, हा सगळा काळा, दांडगा डोमकावळा. धपाट्याकडं बघंना, माझ्याकडंच बघत होता. मला वाटलं, ही मलाच न्यायला आली. खाली बसलो अन् ओरडलो, "राहतो बाई! लेकीकडं राहतो! लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. पण आता खा अन् मला सोड!"

"बाबा!" मागून लेकीचा आवाज आला. ती झाडी बाजूला सारत धावत आली. "किती ओरडता! आवाजावरून तर सापडलात."

मी दगडाकडं बघितलं. पान उलटं पडलं होतं. धपाटं न्हाई, कावळा न्हाई.

"माकडानं नेलं असंल," ती म्हणली.

"असंल."

तिनं माझा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला न्हाई. पोरीनं काय काय ऐकलं होतं कुणास ठाऊक. बाटली पुढं करत एवढंच म्हणली, "हॉलमधल्या खिडकीजवळ खाट बसती. मी मोजून ठेवलंय, माय गेली तवाच."

बाटली एका दमात रिकामी केली. गाडी घाट उतरली, उजेड आला, तरी भ्या गेलं न्हाई. शब्द दिला होता. आता उदगीरला जाऊन घराला कुलूप घालायचं होतं, अन् त्या घरात तिच्यावाचून शेवटची एक रात्र काढायची होती.